पंच थकतो तेव्हा

क्रिकेटच्या सामन्यात मैदानावर सर्वांत जास्त वेळ कोण उभे असते, असे विचारले तर आपण एखाद्या चिवट फलंदाजाचे नाव घेऊ. पण जरा हिशेब करून पाहा. फलंदाज बाद झाला की तंबूत जातो. गोलंदाज षटक संपवून सीमेजवळ विसावतो. एक बाजू क्षेत्ररक्षण करीत असताना दुसऱ्या बाजूचे नऊजण सावलीत बसलेले असतात. दोन पंच मात्र सकाळी आत गेले की उपाहार आणि चहापान सोडून दिवसभर उन्हात! कसोटीच्या पुऱ्या दिवसात नव्वद षटके, म्हणजे ५४० चेंडू. पंच षटकागणिक जागा बदलतात, तेव्हा त्यांतले २७० एकेकाच्या वाट्याला गोलंदाजाच्या टोकाला येतात. आणि असे पाच दिवस.

पाय दुखत असतील बिचाऱ्याचे, असे तुम्ही म्हणाल. दुखतातच. पण निर्णय चुकतो तो पायांमुळे नव्हे. थकते ते अवधान, आणि ते थकले आहे हे ज्याचे त्याला कळत नाही, ही खरी मेख आहे.

दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणाऱ्यांकडून पडद्यावरच्या खुणा निसटत, म्हणून केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक साधा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. घड्याळासारख्या तबकडीवर काटा एकेक पाऊल सरकत असे. मधूनच तो दुप्पट उडी मारी. ती दिसली की कळ दाबायची, एवढेच काम. पण पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या हुकू लागल्या. माणसे धडधाकट, खुर्चीवर बसलेली, तरी ही गत! काम एकसुरी आणि टिपायची गोष्ट क्वचित घडणारी, एवढे पुरले. मध्ये विसावा दिला तर मात्र नजर टिकून राही.

आता पंचाचे काम याहून वेगळे आहे का, तुम्हीच सांगा. चेंडूमागून चेंडू काहीच घडत नाही; आणि मग एकदम पायचितचे अपील. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजाशी पोहोचतो. तेवढ्यात पंचाने आधी गोलंदाजाचा पुढचा पाय रेघेवर पाहायचा, मग नजर उचलून चेंडूचा टप्पा कुठे पडला, पॅडला कुठे लागला, आधी बॅट लागली का, तो यष्ट्यांवर गेला असता का, हे सारे ठरवायचे. ताजे मन हे जमवते. थकलेले मन त्यातले एखादे काम गुपचूप सोडून देते. आणि माझ्या मते बहुधा पहिले सुटते ते पायाकडे पाहणे.

२००१ सालचा ओल्ड ट्रॅफर्डचा इंग्लंड-पाकिस्तान सामना घ्या. पाचवा दिवस, चहापानानंतरचा खेळ. इंग्लंडचे आठ गडी त्या शेवटच्या सत्रात कोसळले आणि पाकिस्तान जिंकले. पुढे चित्रफितीत दिसले की काही बळी चक्क नो-बॉलवर गेले होते. डेव्हिड शेफर्ड यांच्यासारखा मुरलेला पंच टोकाला उभा होता. त्यांच्या सचोटीबद्दल कुणी कधी शंका घेतली नव्हती. हे त्यांना इतके लागले की निवृत्तीचा विचार त्यांच्या मनात आला. थकव्यानेच ते घडले हे सिद्ध कोण करणार? पण वेळ कोणती होती, तेवढे लक्षात ठेवावे.

मोजण्याचेही तसेच आहे. पंच सहा खडे किंवा नाणी या हातातून त्या हातात सरकवीत षटक मोजतात, ते उगाच नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध भारताला ३६१ धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी १२२ केल्या. शेवटी सहा धावा उरल्या, दत्तू फडकर खेळत होते, आणि पंचांनी बेल्स उचलल्या! षटकातला एक चेंडू बाकी होता, घड्याळात मिनिट-दीड मिनिट होते. पाचव्या दिवसाची अखेर आणि भोवती तो कल्लोळ. अशा वेळी कुणाचाही हिशेब ढळावा. भारताला पहिल्या कसोटी विजयासाठी १९५२ च्या मद्रासपर्यंत थांबावे लागले.

मोठ्या सामन्यांत आता सोय झाली आहे. १९९२ साली डर्बनला तिसरा पंच आला (धावबादाचा पहिला मान आपल्या तेंडुलकरला!), मग फेरतपासणीची पद्धत आली. २०२० च्या इंग्लंड-पाकिस्तान कसोट्यांत पुढच्या पायाचा नो-बॉलही तिसऱ्या पंचाकडे सोपवला गेला. मला ही सुधारणा सर्वांत शहाणपणाची वाटते. पंचाच्या शिरावरचे एक ओझे मुळातच उतरले.

पण आझाद मैदानावर किंवा तुमच्या गावच्या शाळा-कॉलेजच्या सामन्यात कॅमेरा कुठला? तिथे एखाद्या पोराची पुढच्या संघातली निवड चार वाजताच्या एका बोटावर अवलंबून असते. आणि अपवादात्मक प्रसंगावाचून सामन्याच्या मध्येच पंच बदलू नये, असा क्रिकेटचा नियमच आहे. म्हणजे उरले ते मधले विसावे. पाण्याच्या बाटल्या घेऊन बारावा खेळाडू आत धावतो, तेव्हा बघा. कप्तानापासून सगळ्यांना मिळते, आणि पंच बहुधा यष्ट्यांपाशी बेल्स नीट करीत उभा असतो. पहिली बाटली त्याच्या हातात द्यायला आणि दोन मिनिटे त्याला सावलीकडे वळू द्यायला कुठलाच नियम आड येत नाही.