वाचले, पण उमगले का?

घडाघडा वाचणारा विद्यार्थी ‘काय वाचलेस?’ असे विचारताच गप्प होतो, हा आम्हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव. उच्चार म्हणजे आकलन नव्हे. १८४२ साली अहमदनगरात सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’ने १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा निबंध छापला. वेद आमचे नाहीत, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न होता. खरे आकलन असे प्रश्नापर्यंत पोहोचते.

म्हणून वर्गात आम्ही परिच्छेदागणिक थांबतो. कोण, कोणाला, कशासाठी सांगतो, हे विचारतो. अनोळखी शब्दाचा अर्थ आधी मागच्यापुढच्या वाक्यांत शोधायला लावतो. मग पुस्तक मिटून मजकूर स्वतःच्या बोलीत सांगायला लावतो.

पालकहो, आपणांस अक्षरओळख नसली तरी सुट्टीत घरी आलेल्या लेकराला एवढे अवश्य विचारा : ‘जे वाचलेस, ते तुला पटले का?’