शेवटचा खेळ

पीटर बॉगदानोविच यांचा १९७१ सालचा कृष्णधवल चित्रपट 'द लास्ट पिक्चर शो' आम्ही पाहिला. मुलांसमवेत पाहण्यासारखा नाही, हे आधीच सांगतो. चित्रीकरण टेक्सासमधील आर्चर सिटीत झाले. कथेचा आरंभ १९५१ सालचा. सॉनी आणि ड्वेन जिवलग मित्र, आणि दोघांचेही मन जेसीवर. गावात एक उपाहारगृह, एक बिलियर्डचा अड्डा, एक सिनेमाघर. तिन्हींचा मालक सॅम. तो वारतो आणि पुढे सिनेमाघर बंद पडते. शेवटच्या खेळाला मोजकीच माणसे. मग ड्वेन कोरियाच्या युद्धावर निघून जातो.

आपल्या बेटावरचीही जुनी सिनेमाघरे गेली. परवा संध्याकाळी बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला व विद्यार्थिनीला आम्ही दटावले, "घरी जा!"

"घरी जाऊन काय करू, गुरुजी?" मुलाने विचारले.

आम्हांला उत्तर सुचले नाही.