शेणाखालचे खोदकाम

शेणकिडा हा कठीण पंखांचा भुंगा आहे. ताजे शेण पडले की काही मिनिटांतच तो वासाच्या मागाने येऊन पोचतो. शेणातला ओला रस हे प्रौढ किड्याचे अन्न, तर चोथा अळीचे. काही जाती शेणातच राहून अंडी घालतात. काही त्याचा गोळा वळतात, पुढचे पाय जमिनीवर आणि मागचे गोळ्यावर रोवून उलट्या चालीने तो दूर ढकलत नेतात. जमिनीच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या म्हणजे बिळे करणाऱ्या जाती. शेणाच्या पोखालीच त्या बोगदे खणतात, शेण आत ओढतात आणि त्याच्या एकेका गोळीत एकेक अंडे घालतात. अळी ती गोळी आतून खात वाढते. उरलेले शेण मातीत मुरते, हवेत उडून जाणारा नत्र मुळांना मिळतो आणि पावसाचे पाणी बोगद्यांतून खोल झिरपते.

हे काम थांबले तर काय होते, ते ऑस्ट्रेलियाने अनुभवले. १७८८ मध्ये इंग्रज वसाहतीबरोबर तिथे गुरे आली. तिथल्या बहुतेक शेणकिड्यांना मात्र कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय; गुरांचे पातळ शेण त्यांना आवरेना. कुरणांत पो वाळून पडू लागले, त्यांखालचे गवत मेले, कडेच्या गवताला गुरे तोंड लावीनात. वर शेणात वाढणाऱ्या माशांचा उच्छाद.

मूळचे हंगेरीचे कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिसा यांनी यावर बाहेरचे शेणकिडे आणण्याचा उपाय सुचवला. त्यांच्या पुढाकाराने १९६५ पासून सरकारी संशोधन संस्थेने आफ्रिका आणि युरोपातल्या जाती आणल्या. जिवंत किड्यांबरोबर गुरांचे रोग येण्याची भीती होती. म्हणून अंडी निर्जंतुक करून हाताने वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत ठेवली जात आणि त्यांतून निघालेल्या किड्यांची पैदास होई. एका जातीने भागत नाही, कारण कोणी उन्हाळ्यात कामाला लागते, कोणी थंडीत, कोणी फक्त रात्री. आणलेल्या जातींपैकी वीसहून अधिक रुजल्या आणि त्या जोमाने वाढल्या तिथे माशा घटल्या.

या किड्यांना आजचा एक मोठा धोका गोठ्यातूनच आहे. जंतांवरचे आयव्हरमेक्टिन शेणावाटे बाहेर पडते आणि त्यातल्या अळ्यांना मारते. त्यामुळे जंत झालेल्या जनावरापुरतेच, तेही शेणकिड्यांच्या विणीचा हंगाम टाळून हे औषध देणे बरे.