‘रत्नागिरीची माणसं कशी आहेत?’ हा संशोधनाचा प्रश्न का नाही

माझ्या प्रपोजलची पहिली ओळ होती, ‘रत्नागिरी या किनाऱ्यावरील शैक्षणिक शहरातील लोकांच्या स्वभावाचा अभ्यास.’ गाईडनी ‘स्वभाव’ या शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि विचारलं, ‘हा मोजणार कसा?’ मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यापैकी बरेचजण पेट-नेट झाल्यावर आता प्रपोजल लिहायला बसले असतील, म्हणून त्या गोलातून मी बाहेर कशी आले ते सांगते.

१. सगळे सांगतात ते उत्तर नव्हे

पहिल्या दहा मुलाखतींत रिक्षावाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत जवळजवळ सगळे एकच म्हणाले: कोकणी माणूस फणसासारखा, वरून काटे, आत गोड गरे. मला वाटलं, डेटा मिळाला! पण लोकांना स्वतःबद्दल काय म्हणायला आवडतं, एवढंच त्यातून कळतं.

मग प्रश्न बदलला. माणसं ‘कशी आहेत’ हे सोडून ती ‘काय करतात’ ते विचारायला लागले. इथे कोण येतं, कोण जातं, कोण मागे राहतं? रत्नागिरीला हा प्रश्न चपखल बसतो. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. आज माणसं वेगळ्या कारणांनी येतात. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासून आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, शिवाय इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक. तिथे गावोगावची मुलं शिकायला येतात. मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळहून आलेले खलाशी असतात. आणि शिकून तयार झालेला मुलगा मुंबईची गाडी धरतो.

२. आकडा कोणाचा, ते आधी बघा

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती, म्हणजे २००१ पेक्षा कमी. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. याचा अर्थ इथे मुली जास्त जन्मतात असा नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत मुलगेच जास्त आहेत. मोठ्या वयाचे पुरुष कामासाठी बाहेर आहेत, म्हणून हा आकडा असा दिसतो. जी माणसं घरात नाहीत, ती या आकड्यात दिसतात.

मी मात्र उत्साहात लिहून टाकलं, ‘रत्नागिरी शहरात पुरुष कमी आहेत.’ चूक! आकडा जिल्ह्याचा होता. शहराची वस्ती तेव्हा जेमतेम ७६ हजार, बाकी सगळी गावं आणि इतर छोटी शहरं. शहरात नोकऱ्या आहेत, कॉलेजं आहेत, तिथलं चित्र वेगळं असू शकतं. मोठ्या गटाचा आकडा त्यातल्या एका तुकड्याला चिकटवायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

३. कोणत्या महिन्यात गेलात?

सुट्टी होती म्हणून मी पहिली प्रश्नावली गणपतीत भरून घेतली. निम्म्या लोकांनी लिहिलं, ‘मूळचा इथला, राहतो मुंबईला.’ चाकरमानी आले होते, दुसरं काय! मे महिन्यात गेलात तर शहर आंब्याच्या पेट्यांत बुडालेलं असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे बंदरावरच्या माणसांना बोलायला वेळ असतो. पण तेव्हा चालू लिलाव बघायला मिळत नाही. ऋतू बदलला की सॅम्पल बदलतं. म्हणून प्रत्येक मुलाखतीवर तारीख लिहा, आणि शक्य असेल तर वर्षातून दोनदा जा.

४. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही

हे सगळ्यात महागात पडलं. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी मुलाच्या फीसाठी कर्ज कसं काढलं ते मला सांगितलं होतं. मी नाव बदललं, पण त्यांची बसायची जागा, मुलाचा कोर्स, नवऱ्याचं आजारपण तसंच ठेवलं आणि रत्नागिरीतल्याच एका सेमिनारमध्ये ते वाचलं. चहाच्या वेळी एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘ही आमच्या वर्गातल्या अमुकची आई ना?’ माझ्या हातातला कप तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘नाव सोडून सगळंच लिहिलंस की गो.’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘वाचून दाखव, मग सांगते.’ मी वाचलं. कर्जाचा परिच्छेद त्यांनी काढायला लावला, भावाच्या घासाघिशीचा ठेवला. माझ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला भाग गेला. पण फॉर्मवर एकदा सही घेतली की संमती संपत नाही, हे त्या दिवशी कळलं. लहान शहरात दोन-तीन तपशील जुळले की माणूस सापडतो. लिहिलेलं आधी त्या माणसाला वाचून दाखवा, आणि मगच बाहेर न्या.

आता माझा प्रश्न असा आहे: ‘रत्नागिरीत शिकायला आलेले विद्यार्थी पदवीनंतर कुठे जातात, आणि ते ठरवताना घरात कोणाचं ऐकलं जातं?’ ‘स्वभावा’पेक्षा छोटा आहे, पण याचं उत्तर शोधता येतं.

तुम्हीही करून बघा. तुमच्या शहराबद्दल सगळे जे वाक्य म्हणतात ते लिहा. खाली चार ओळी सोडा: हे कोण म्हणतं? आकडा नेमका कुठला? महिना कोणता? आणि हे छापलं तर कोण ओळखलं जाईल? चारही ओळी भरल्या की मगच प्रपोजल उघडा.