आठवी ‘ब’

घंटा होते आणि साठेक मुलं एकदम वर्गात घुसतात. जून महिना, तालुक्याच्या गावातलं हायस्कूल. मित्र इथं विज्ञान शिकवतो. त्याच्या ओळखीवर मी शेवटच्या बाकावर बसलोय.

निम्मी मुलं पाचवीपासून इथलीच. ती दप्तरं फेकून जागा धरतात. बाकीची वाड्यावस्त्यांवरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी करून आलेली. ती आधी भिंतीला टेकून उभी राहतात, मग मिळेल तिथं बसतात. माझ्या पुढच्या बाकावर एक उंच मुलगी आहे, खांदे पाडून बसलेली.

हजेरी सुरू होते. “सत्तेचाळीस?”

“हजर, गुरुजी!” आवाज खणखणीत.

मुलांच्या रांगेतून हशा उसळतो. इथं ‘येस सर’ म्हणतात. मित्र नुसते डोळे वटारतो आणि पुढचा नंबर घेतो. मुलगी वहीत तोंड घालते.

दुसरा तास गणिताचा. सर फळ्यावर उदाहरण घालतात, “कोण सांगतंय?” तिच्या वहीत उत्तर आहे, मला मागून दिसतंय. बरोबरही आहे. हात वर येत नाही.

तासांच्या मधल्या गडबडीत मित्र सांगतो, पटासाठी मे महिन्यात वस्त्यांवर फिरताना ही भेटली होती. तिथल्या शाळेच्या मंत्रिमंडळात मुख्यमंत्री! परिपाठ हीच घ्यायची. दोन शिक्षकी शाळा, गुरुजी घरच्या नावानं हाक मारणारे. इथं दर तासाला नवा शिक्षक. तिथं सगळ्यात मोठी होती, दीड महिन्यात इथं साठांतली एक झाली.

रॉबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात अशाच मुलांचा माग काढला होता. १९८७मध्ये त्यांचं पुस्तक आलं. सातवीत शाळा बदलावी लागलेल्या मुलींचा आत्मसन्मान घसरला. आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्यांचा तसा नाही. वयात येणं, नवी शाळा, असं सगळं एकदम अंगावर आलं की झेपत नाही, हा त्यांचा रोख. आपल्याकडे त्यात पहाटेची एसटीही येते. मुलींना फुकट पास मिळतो, मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बस धावतात, ते उत्तमच. पण बसमधून उतरल्यावरचा पहिला आठवडा कुणाच्या खात्यात बसतो, कोण जाणे.

मधली सुट्टी. आठवीपर्यंत खिचडी आहे, म्हणून मुलगे पटांगणाकडे पळतात. दोघातिघांचे आवाज फुटलेत, तेच सगळ्यात जोरात ओरडतात. मुलींची रांग मात्र दुसरीकडेच. स्वच्छतागृहाची कडी तुटलीय, एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेरून दार धरायचं. सत्तेचाळीस नंबर दार धरून उभी आहे. आतून इथलीच एक मुलगी बाहेर येते.

“आता तू जा, मी धरते. तू संस्कृत घेतलंयस का हिंदी?”

“हिंदी. आमच्यात संस्कृत नव्हतं.”

“मग हिंदी-संस्कृत संयुक्त घे की! मार्कं पडतात. आणि बाई ओरडत नाहीत.”

सुट्टी संपायच्या आत दोघी मित्राला जिन्यातच गाठतात. बोलते इथलीच, ही नुसती मान हलवते.

“बदलता येईल,” मित्र म्हणतो. “पालकांची सही आण.”

“आईची चालंल?” आता हीच विचारते.

“चालेल.”

“मग उद्या आणते, गुरु... सर.”

शेजारची फिसकन हसते. या वेळी हीसुद्धा हसते आणि दोघी जिना चढू लागतात. तिसरा तास इतिहासाचा आहे.