दूरच्या धक्क्याने जागे होणारे खोल भूकंप

मोठा भूकंप झाला की त्याच परिसरात पुढे काही दिवस लहानमोठे धक्के बसत राहतात, हा अनुभव सर्वपरिचित आहे. परंतु एका ठिकाणच्या भूकंपामुळे शेकडो किलोमीटर दूर, आणि तोही भूपृष्ठाखाली फार खोलवर, दुसरा मोठा भूकंप होऊ शकेल काय? या प्रश्नावर पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांच्या परिसरात घडलेल्या एका घटनेने चांगला प्रकाश टाकला आहे.

१९ ऑगस्ट २००२ रोजी तेथे ५९८ किलोमीटर खोलीवर ७.६ महत्तेचा भूकंप झाला. अवघ्या सात मिनिटांनी, तेथून ३०० किलोमीटर अंतरावर व ६६४ किलोमीटर खोलीवर, ७.७ महत्तेचा दुसरा भूकंप झाला. विशेष म्हणजे या दुसऱ्या जागी पूर्वी भूकंपांची नोंद नव्हती. टिबी, वीन्स आणि इनोउए या शास्त्रज्ञांनी या घटनेचा केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला.

खोल भूकंपांचे स्वरूप

तीनशे ते सातशे किलोमीटर खोलीवरील भूकंपांना खोल भूकंप म्हणतात. त्यांचे अस्तित्व जपानी शास्त्रज्ञ कियू वादाती यांनी १९२८ साली दाखवून दिले. टोंगाजवळ पॅसिफिक महासागराचा तळ पृथ्वीच्या पोटात खचत जातो. सहाशे किलोमीटर खोलीवर दाब वातावरणाच्या सुमारे दोन लक्ष पट असतो. अशा दाबाखाली व तेथील उष्णतेत खडक तुटण्याऐवजी हळूहळू वाहावयास हवेत. तथापि खचणारा तळ सभोवतालापेक्षा थंड असतो. त्यातील ऑलिव्हीनसारखी खनिजे आपले मूळ रूप टिकवून धरतात व पुढे एकाएकी अधिक घन रूप धारण करतात. यामुळेच खडक सरकत असावेत, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे.

प्रेरणेचे दोन मार्ग

एक भूकंप दुसऱ्यास दोन प्रकारे प्रेरणा देतो. पहिल्या प्रकारात खडक कायमचे सरकल्याने शेजारच्या भागावरील ताण वाढतो. हा परिणाम अंतराबरोबर झपाट्याने घटतो. दुसऱ्या प्रकारात भूकंपलहरी जाता जाता खडकांना क्षणभर दाबतात व ताणतात. हा परिणाम पुष्कळ दूर पोहोचतो. २८ जून १९९२ रोजी कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे झालेल्या ७.३ महत्तेच्या भूकंपानंतर एक हजार किलोमीटरांहून अधिक दूरवर लहान धक्के नोंदले गेले. मात्र ते उथळ होते.

टोंगाच्या घटनेत तीनशे किलोमीटरांवर कायमचा ताण नगण्यच असणार. म्हणून श्रेय लहरींकडे जाते. परंतु त्या लहरी सुमारे एका मिनिटात तेथे पोहोचून पुढे गेल्या होत्या, आणि भूकंप झाला तो सातव्या मिनिटास! याचा अर्थ लहरींनी खडक तत्क्षणी तोडला नाही. आत एखादी प्रक्रिया सुरू करून दिली व ती यथावकाश परिपक्व झाली. तो भाग तुटण्याच्या बेतात होता, पण बाहेरील निमित्तावाचून त्यास आरंभ साधत नव्हता, असे या शास्त्रज्ञांनी सुचविले.

आपणांस यातून काय घ्यावयाचे?

निमित्त आणि साठलेली शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोयनेच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. तेथेही पाणी हे निमित्त मानले जाते. ताण खडकांत आधीच साठलेला होता.

आपल्या द्वीपकल्पाखाली असा खचणारा सागरतळ नसल्याने टोंगासारखे खोल भूकंप येथे होत नाहीत. येथील धोका उथळ भूकंपांचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात दगडमातीची घरे कोसळून हजारो माणसे दगावली, ती अशाच भूकंपात. दूरदेशी भूकंप झाल्याचे वृत्त येताच अमुक दिवशी येथेही धक्का बसेल, अशा वावड्या उठतात. दिवस व वेळ सांगणारे भाकीत आजही कोणास करता येत नाही. म्हणून नागरिकांनी अफवांवर विश्वास न ठेवता आपल्या घराच्या भिंती, छप्पर व त्यांचे सांधे मजबूत करण्याकडे लक्ष द्यावे, हेच हिताचे होय.