रोमिओ-ज्यूलिएटच्या मृत्यूचा दोष कोणाच्या माथी?

सुरत शहरातील पांडेसरा ही मोठी औद्योगिक वसाहत. कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या तेथील मिलांत पोटापाण्यासाठी आलेल्यांत खानदेशातील मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मध्यंतरी अशाच एका घरी आम्ही गेलो असता कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्यूलिएटची गोष्ट काढली. परीक्षेत प्रश्न होता : त्या दोघांच्या मृत्यूस जबाबदार कोण?

वडील तत्काळ म्हणाले, "आईबापांचे न ऐकणारी पोरेच! दुसरे कोण?" मुलगी गप्प बसली. तांदूळ निवडीत बसलेली आजी एवढेच म्हणाली, "पण त्या पोरीचं ऐकून घेणारं घरात कोणी होतं का?"

वडिलांचे मत नवे नव्हे. १५६२ साली आर्थर ब्रुक या इंग्रज कवीने हीच कथा पद्यात लिहिली. प्रस्तावनेत त्याने सारा दोष प्रेमिकांच्या अवज्ञेवर आणि त्यांना साह्य करणाऱ्या संन्याशांवर ठेवला. पापनिवेदनाच्या संस्कारावरही त्याने आग पाखडली. शेक्सपिअरने सुमारे १५९५ मध्ये त्याच्याकडून कथा घेतली, निवाडा मात्र घेतला नाही. मराठीतही हे नाटक १८८२ साली नारायण बापूजी कानिटकर यांनी 'शशिकला आणि रत्नपाल' या नावाने आणले.

आता आजीचा प्रश्न नाटकासच विचारून पाहू. ज्यूलिएटला अद्याप चौदावे वर्षही पुरे झालेले नाही. रोमिओशी तिचा गुप्त विवाह झाला आहे, आणि पित्याने तिचे लग्न पॅरिसशी ठरविले आहे. ती नकार देते, तेव्हा पिता तिला रस्त्यावर काढण्याची धमकी देतो. आई पाठ फिरवते. लहानपणापासून सांभाळणारी दाईसुद्धा पॅरिसशी लग्न कर म्हणून सांगते. एकाच सकाळी तीन दारे बंद होतात. मग ती जाते ती फ्रान्सिस्कन संन्यासी लॉरेन्स यांच्याकडे.

या संन्याशाविषयी आम्हां कॅथलिकांस मौन धरता येणार नाही. दोन घराण्यांचे वैर मिटावे हा त्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु मार्ग त्यांनी गुपिताचा धरला. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ठरविले की, विवाहाची आगाऊ जाहीर घोषणा व्हावी आणि तो धर्मग्रामाचे धर्मगुरू व निदान दोन साक्षीदार यांच्यासमक्ष लागावा. नाटकाची कथा कोणत्या सालातली हे कवी सांगत नाही. पण चोरून लागलेल्या लग्नांतून होणारे अनर्थ ख्रिस्तसभेस ठाऊक होते, म्हणूनच हा नियम झाला. लॉरेन्स यांनी गुपितावर गुपित रचले : आधी विवाह, मग बेचाळीस तास मृतवत् निद्रा आणणारे औषध, आणि साऱ्याचा भरवसा एका पत्रावर!

ते पत्र का पोहोचले नाही, हे सुरतकरांस समजावून सांगण्याची गरज नाही. पत्र नेणारा संन्यासी प्लेगचा संशय असलेल्या घरात सापडला आणि पहारेकऱ्यांनी दारे बंद केली. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी सुरत सोडली, ते दिवस येथील वडीलधाऱ्यांस आठवतात. रोगाचा दोष कोणाला द्यावा? परंतु ज्या घरात मुलीस पित्याशी बोलता येते, तेथे तिचा जीव दूरच्या पत्रावर टांगला जात नाही.

दोष तरुणांचाही आहे. मृत्यूची वार्ता ऐकताच रोमिओ लॉरेन्सना न विचारता विष घेऊन निघतो. थोडा धीर धरता तर ज्यूलिएट जागी झाली असती. आपला जीव आपण घ्यावा, असा अधिकार देवाने कोणास दिलेला नाही. लॉरेन्सही थडग्यापाशी पहाऱ्याची चाहूल लागताच मुलीस एकटी सोडून निघून जातात. मात्र पुढे सर्वांसमक्ष सारे कबूल करून ते शिक्षा मागतात. राजा त्यांस पवित्र पुरुष म्हणतो, आणि वैराकडे आपण डोळेझाक केली हा स्वतःचा दोषही पदरी घेतो.

म्हणून आमचे मत असे : दोषाचे वाटेकरी अनेक, पण वाटे सारखे नाहीत. मुलांची चूक उतावळेपणाची, लॉरेन्सची गुपिताची. परंतु त्या उतावळेपणास व गुपितास जागा करून दिली ती वडीलधाऱ्यांच्या वैराने आणि दरडावणीने. सर्वांत जड वाटा त्यांचा.

आम्ही निघालो तेव्हा वडिलांनी मुलीस हळूच विचारले, "शेवटी त्या बापांचे काय होते?"

ती म्हणाली, "दोघे हात मिळवतात, बाबा. पण तोवर पोरे गेलेली असतात."

ते काही बोलले नाहीत. पण तिच्याजवळ बसले. पालकहो, आज रात्री घरातील रोझरी आटोपल्यावर आपणही क्षणभर मुलांजवळ बसावे, आणि त्यांस आधी बोलू द्यावे.